दोन मावश्या, तीन बहिणी

लंडनच्या नॅशनल गॅलरीत पॉल दलारोश या फ्रेंच चित्रकाराचं १८३३ सालचं एक भलंमोठं चित्र आहे. पांढऱ्या पोशाखातली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक कोवळी मुलगी हात पुढे करून लाकडी ओंडका चाचपडते आहे. एक वयस्क गृहस्थ तिला हळुवारपणे पुढे नेतो आहे, बाजूला कुऱ्हाडवाला जल्लाद उभा आहे, मागे दोन सख्या शोक करताहेत. ही लेडी जेन ग्रे. १२ फेब्रुवारी १५५४ रोजी, सोळा-सतरा वर्षांची असताना, टॉवर ऑफ लंडनमध्ये तिचा शिरच्छेद झाला. चित्रकाराने भरपूर स्वातंत्र्य घेतलं आहे. ही शिक्षा अंधाऱ्या दालनात नव्हे, तर टॉवरच्या आवारात उघड्या आभाळाखाली झाली आणि जेनच्या अंगावर काळे कपडे होते. पट्टी बांधल्यावर तिला ओंडका सापडेना, हे मात्र त्या काळच्या वृत्तांतात नोंदलेलं आहे.

त्या चित्रापुढे नेहमी गर्दी असते. मीही त्या गर्दीत उभी राहिले आहे. पण तीस वर्षं वर्गात इंग्लंडचा इतिहास शिकवताना मला सारखं वाटत आलं, की जेनची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. मारली गेलेली मुलगी चित्रात नीट बसते. तिच्या पाठच्या दोन बहिणींचं, कॅथरिन आणि मेरीचं, असं चित्र कोण काढणार? त्यांना कुणी मारलं नाही. त्यांचं फक्त लग्न झालं होतं, आणि ते झालंच नाही असं ठरवण्यात आलं किंवा झालं म्हणून त्यांना कोंडून ठेवण्यात आलं.

या घराण्याची नाती इंग्रजीत सांगायला गेलं की सगळा घोळ होतो. तिथे सगळ्यांना मिळून ‘कझिन’ हा एकच शब्द; राजदरबारातली माणसं तर दूरदूरच्या नातलगांनाही तेच म्हणत. मी फळ्यावर वंशावळ काढून मराठी नाती लिहायची, की वर्गाला पटकन उलगडा व्हायचा. आठव्या हेन्रीची धाकटी बहीण मेरी. तिला आधी फ्रान्सच्या म्हाताऱ्या राजाला, बाराव्या लुईला दिली. तो तीन महिन्यांत वारला. मग तिने भावाची परवानगी न घेता, १५१५ साली फ्रान्समध्येच, चार्ल्स ब्रँडन या सफोकच्या ड्यूकशी गुपचूप लग्न उरकलं. गुप्त लग्नांची परंपरा अशी आजीपासूनची. हेन्री चिडला, जबर दंड लावला, पण बहिणीला माफ केलं. तिची मुलगी फ्रान्सिस म्हणजे हेन्रीची भाची. फ्रान्सिसला हेन्री ग्रेपासून तीन मुली झाल्या: जेन, कॅथरिन आणि मेरी.

हेन्रीच्या स्वतःच्या मुली, पहिली मेरी आणि पहिली एलिझाबेथ. फ्रान्सिस त्यांची आतेबहीण. म्हणजे आपल्या हिशेबाने या दोन्ही राण्या ग्रे मुलींच्या मावश्या लागतात. ‘माय मरो पण मावशी जगो’ असं आपण म्हणतो. ही म्हण मी एकदा वर्गात सहज बोलून गेले आणि मुलं हसली. मग कॅथरिनची हकिकत पुरी झाली, तेव्हा कुणी हसत नव्हतं.

मुळात या मुलींच्या मागे दुर्दैव लागलं ते एका कागदामुळे. मरणाच्या महिनाभर आधी, १५४६ च्या डिसेंबरअखेर, हेन्रीने मृत्युपत्र केलं. आपल्यानंतर मुलगा एडवर्ड, मग मेरी, मग एलिझाबेथ. या तिघांचाही वंश खुंटला, तर गादी भाची फ्रान्सिसच्या अपत्यांकडे जावी. थोरल्या बहिणीचा, म्हणजे मार्गारेटचा स्कॉटलंडमधला वंश त्याने सरळ वगळला. मृत्युपत्राने असा वारस नेमायचा अधिकार संसदेने त्याला कायद्याने दिलेला होता. शेतजमिनीच्या वाटणीत लांबच्या भाचीचं नाव लागावं, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की इथे सातबाऱ्यावर अख्खं राज्य होतं. तेव्हा जेन नऊ-दहा वर्षांची होती, कॅथरिन सहा आणि मेरी जेमतेम दीड-दोन वर्षांची.

सात वर्षांनी सहाव्या एडवर्डने, पंधरा वर्षांच्या आजारी मुलाने, आपल्या हाताने नवा आराखडा लिहिला. त्यात आधी होतं: जेनच्या पुत्रांना गादी. पण पुत्र होते कुठे? ग्रे घराण्यात सगळ्या मुलीच. मग त्याच ओळीत दोन शब्द वर लिहिले गेले आणि वाक्य झालं: जेनला आणि तिच्या पुत्रांना. तो कागद आजही आहे. खाडाखोड स्पष्ट दिसते. त्या दोन शब्दांवर जेन १० जुलै १५५३ रोजी राणी झाली आणि १९ जुलैला कैदी झाली. पुढच्या हिवाळ्यात तिचा बाप मेरी राणीविरुद्धच्या बंडात सामील झाला, तेव्हा तिचं आणि अकराच दिवसांनी त्याचं मस्तक गेलं. एका मावशीचा हिशेब असा रोखठोक झाला.

खरं तर पहिली मेरी बाकीच्या ग्रे मंडळींशी बरी वागली. आई फ्रान्सिस आणि उरलेल्या दोघी मुलींना तिने दरबारात ठेवून घेतलं. कॅथरिनचं बारा वर्षांची असताना, जेनच्याच मुहूर्तावर, पेंब्रोकच्या अर्लच्या मुलाशी लग्न लावलं होतं. वारं फिरताच सासऱ्याने ते मोडून टाकलं आणि तिला परत पाठवलं. म्हणजे लग्न ‘झालं नव्हतं’ ठरण्याची तिची ही पहिली वेळ.

मेरीच्या दरबारात कॅथरिनला एक जिवाभावाची मैत्रीण मिळाली, लेडी जेन सीमोर. हिचा बाप सॉमरसेटचा ड्यूक, सहाव्या एडवर्डचा मामा. तोही १५५२ मध्ये टॉवरजवळच्या वधस्तंभावर गेलेला. जेनचा भाऊ एडवर्ड, हर्टफर्डचा अर्ल. सुट्टीत मैत्रिणीच्या घरी गेलेल्या मुलीचं मैत्रिणीच्या भावावर मन बसलं, इतकी ही साधी गोष्ट. फ्रान्सिसला स्थळ पसंत होतं. आता गादीवर एलिझाबेथ आली होती. तिची परवानगी मागणाऱ्या पत्राचा मसुदाही झाला. पण फ्रान्सिस आजारी पडली आणि नोव्हेंबर १५५९ मध्ये वारली. पत्र गेलंच नाही. माय मेली, मावशी उरली.

एलिझाबेथबद्दल लिहिताना बरेच लेखक घाईने म्हणतात, की स्वतः अविवाहित राहिलेल्या बाईला तरुण मुलींची लग्नं पाहवत नव्हती. मला हे पटत नाही. तिच्या भीतीला कारण होतं. ती स्वतः तीन वर्षांची असताना संसदेने कायदा करून अनौरस ठरवली गेली होती आणि तो शिक्का कधी पूर्णपणे पुसला गेला नव्हता. १५५४ मध्ये, जेन मेल्यावर थोड्याच आठवड्यांत, तिला स्वतःला टॉवरमध्ये दोन महिने काढावे लागले, कारण बंडखोरांना गादीवर तीच हवी होती असा संशय होता. राज्यातली दुसऱ्या क्रमांकाची बाई काय असते हे तिला अंगावरच्या अनुभवाने ठाऊक होतं. आता तो दुसरा क्रमांक कॅथरिनचा होता. स्पॅनिश राजदूत तर हिला पळवून नेऊन आपल्याकडे कुणाशी तरी लावून देण्याच्या गोष्टी करत होते. अशा मुलीला मुलगा झाला, तोही सीमोरसारख्या घराण्यातला, तर बिनामुलाच्या राणीकडे बघणार कोण?

१५६० च्या अखेरीस, नाताळाच्या आधी, राणी शिकारीसाठी एल्टमला जायला निघाली. कॅथरिनने दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि गाल बांधून मागे राहिली. जेन सीमोरही राहिली. दोघी व्हाइटहॉलच्या मागच्या दाराने उतरून, ओहोटीमुळे उघड्या पडलेल्या थेम्सच्या वाळूवरून चालत कॅनन रोवरच्या हर्टफर्डच्या घरी गेल्या. ठरलेला पाद्री आलाच नव्हता. जेन बाहेर गेली आणि एकाला घेऊन आली. त्याने प्रार्थनापुस्तकातला विधी वाचला. हर्टफर्डने पाच कड्यांची, एकात एक बसणारी सोन्याची अंगठी घातली. पाद्र्याला दहा पौंड दिले, ते जेननेच. मग तिने दोघांपुढे मद्य आणि गोड खाऊ ठेवला आणि खोलीबाहेर निघून गेली. दोनेक तासांनी दोघी परत निघाल्या, तेव्हा भरती आली होती. वाळू पाण्याखाली गेलेली. होडी करावी लागली. राजवाड्यातल्या दुपारच्या जेवणाला दोघी हजर होत्या.

या लग्नाला साक्षीदार एकच, आणि ती एकोणीस-वीस वर्षांची मुलगी मार्च १५६१ मध्ये वारली. पाद्र्याचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. हर्टफर्डला फ्रान्सला जावं लागलं. जाताना त्याने बायकोच्या नावे उत्पन्नाची तरतूद लिहून दिली होती, तो कागद तिच्याकडून हरवला. ऑगस्टमध्ये राणीचा लवाजमा इप्सविचला होता आणि कॅथरिनला आठवा महिना लागलेला. पोट लपेना. तिने दरबारातल्या सेंट लो बाईला सांगितलं. ही बहुतेक अभ्यासकांच्या मते पुढे ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणून गाजलेली बाई. ती ऐकूनच रडायला लागली, की हे मला का सांगितलंस. मग दुसऱ्या रात्री कॅथरिन राणीच्या मर्जीतल्या रॉबर्ट डडलीच्या खोलीत गेली आणि त्याच्या पलंगाशी गुडघे टेकून विनवणी करू लागली. डडलीचा भाऊ हा जेन ग्रेचा नवरा, त्या नात्याने तरी ऐकेल असं वाटलं असावं. डडलीने सकाळी राणीला सांगून टाकलं.

२४ सप्टेंबर १५६१ रोजी टॉवरमध्ये मुलगा झाला. त्याचा बाप्तिस्मा टॉवरच्याच आवारातल्या चर्चमध्ये झाला. त्या फरशीखाली बाळाची सख्खी मावशी जेन आणि आजोबा सॉमरसेट पुरलेले होते.

आता राणीपुढे पेच होता. हेन्रीने १५३६ मध्ये, आपली दुसरी एक भाची मार्गारेट डग्लस हिच्या अशाच लपून केलेल्या वचनानंतर, राजाच्या जवळच्या आप्तस्त्रीशी परवानगीवाचून लग्न करणं हा देशद्रोह ठरवला होता. पण तो कायदा एडवर्डच्या काळात रद्द झालेला. म्हणजे कॅथरिनने गुन्हा असा केलाच नव्हता. मग राणीने वेगळा रस्ता धरला. आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला आणि प्रश्न विचारला: हे लग्न झालं होतं का?

इथे कायद्याची गंमत पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा, आणि थेट १७५३ च्या विवाह कायद्यापर्यंत, लग्नाला ना पाद्री अनिवार्य होता ना साक्षीदार. ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते, मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’ असं दोघांनी वर्तमानकाळात म्हटलं, की लग्न लागलं. पण झालेलं लग्न आणि सिद्ध झालेलं लग्न या दोन गोष्टी आहेत. दोघांना वेगवेगळं ठेवून प्रश्न विचारले गेले. कपडे कोणते होते, कोण आधी घरात शिरलं, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण निजलं. उत्तरं मोठ्या प्रमाणात जुळली. पाद्र्याचं वर्णनही जुळलं: मध्यम उंची, तांबूस दाढी, परदेशातून परतलेले पाद्री घालत तसला काळा झगा. पण तो माणूस पुढे आला नाही. का येईल? आणि आयोगाला तो सापडावा अशी निकड तरी कुठे होती? १२ मे १५६२ रोजी निकाल लागला: लग्न झालेलं नाही, संबंध अनैतिक, मूल अनौरस.

जबलपूरच्या आमच्या एका मामींची आठवण इथे मला नेहमी येते. मामा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी लग्नाचा पुरावा मागितला. लग्न १९५८ सालचं, एका नातेवाइकांच्या अंगणात लागलेलं. पत्रिका छापली नव्हती, फोटो काढला नव्हता, भटजी केव्हाच वारलेले. एका कार्यालयातल्या कारकुनाने त्यांना विचारलं, मग लग्न झालं कशावरून? मामी सत्तरीच्या होत्या. त्यांनी काही न बोलता गळ्यातल्या, आता काढून पिशवीत ठेवलेल्या मंगळसूत्राची वाटी टेबलावर ठेवली. ती काही पुरावा म्हणून चालली नाही. पुढे प्रतिज्ञापत्रं करून काम झालं, पण मामी ते कधी विसरल्या नाहीत. कॅथरिनने आयोगापुढे पाच कड्यांची अंगठी दाखवली होती.

माझं मत असं, की एलिझाबेथने जे केलं ते मेरीच्या कुऱ्हाडीपेक्षा हुशारीचं होतं. मेरीने मुलगी मारली, दावा मात्र बहिणीकडे सरकला. एलिझाबेथने मुलीला जिवंत ठेवून तिचे वारस कागदावरून नाहीसे केले. त्यासाठी तिला कुणावर खोटा आरोपही करावा लागला नाही; दोन तरुण माणसांचा शब्द पुरेसा नाही, एवढंच म्हणावं लागलं.

टॉवरच्या किल्लेदाराला, सर एडवर्ड वॉर्नरला, मात्र त्या शब्दावर विश्वास असावा. त्याने पतिपत्नीच्या खोल्यांची दारं एक-दोन रात्री उघडी ठेवली. (कॅथरिनला कैदेत कुत्री आणि माकडं पाळायला परवानगी होती. त्यांनी सरकारी पडदे-गाद्यांच्या कशा चिंध्या केल्या याची त्याच वॉर्नरने केलेली नोंद वाचताना हसू येतं.) १० फेब्रुवारी १५६३ रोजी दुसरा मुलगा झाला, टॉमस. राणीचा संताप अनावर झाला. त्याआधी ऑक्टोबरात ती देवीच्या आजाराने मरता मरता वाचली होती आणि मंत्र्यांनी पुढचा वारस म्हणून कॅथरिनचं नाव घेतल्याचं तिला कळलेलं होतं. वॉर्नरची नोकरी गेली. हर्टफर्डला पंधरा हजार पौंड दंड झाला: राजरक्ताच्या कुमारिकेला भ्रष्ट केलं म्हणून, कैदेचा भंग केला म्हणून आणि तेच पुन्हा केलं म्हणून, प्रत्येकी पाच हजार. स्वतःच्या बायकोपासून दुसरं मूल झाल्याबद्दल!

त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग आला. कैद्यांना बाहेर हलवलं: हर्टफर्ड आणि थोरला मुलगा त्याच्या आईच्या घरी, कॅथरिन आणि तान्हा टॉमस तिच्या काकाकडे. नवराबायकोची पुन्हा भेट झाली नाही. काका वारल्यावर तिला एसेक्समधल्या एका सरदाराकडून दुसऱ्याकडे हलवत राहिले. तिची राखण करणारे ही जबाबदारी टाळायला बघत. पाहुणी म्हणून ठेवायची तर राणीची भीती, कैदी म्हणून वागवायची तर उद्या हीच राणी होण्याची भीती. शेवटी सफोकमधल्या यॉक्सफर्ड गावच्या कॉकफील्ड हॉलमध्ये, २७ जानेवारी १५६८ रोजी, ती क्षयासारख्या आजाराने वारली. वय सत्तावीस. शेवटच्या रात्री तिने राखणदार सर ओवेन हॉप्टनकडे तीन अंगठ्या दिल्या, नवऱ्याला पोचवायला: वाङ्‌निश्चयाची हिऱ्याची, लग्नाची पाच कड्यांची आणि कवटीचं चिन्ह असलेली, आठवणीसाठी. मुलांवर आणि नवऱ्यावर राणीने राग धरू नये, एवढा निरोप मागे ठेवला.

धाकट्या मेरीने हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं होतं. ती फारच ठेंगणी होती. राजदूत तिच्या रूपाबद्दल निर्दयपणे लिहीत. राजा होऊ शकेल असा नवरा केला की काय होतं हे ती शिकली होती, म्हणून तिने १५६५ च्या उन्हाळ्यात नवरा निवडला तो राजवाड्याच्या देवड्यांवरचा मुख्य पहारेकरी, टॉमस कीज. विधुर, मुलाबाळांचा आणि अख्ख्या दरबारात सगळ्यांत उंच! रात्री नऊच्या सुमाराला, मेणबत्तीच्या उजेडात, कीजच्या खोलीत लग्न लागलं. साक्षीदार या वेळी जपून बोलावले होते. पाद्र्याचं नाव मात्र तिनेही विचारलं नाही. दरबाराला ही मोठी थट्टा वाटली, पण कीजला फ्लीट तुरुंगात टाकलं आणि त्या धिप्पाड माणसाला तिथल्या अरुंद कोठडीत हाल सोसावे लागले. मेरीला आधी चेकर्सच्या वाड्यात ठेवलं. तेच घर आज ब्रिटिश पंतप्रधानांचं विश्रांतिस्थान आहे. कीज १५७१ मध्ये वारला. तेव्हा मेरीने त्याची पोरकी मुलं सांभाळायची परवानगी मागितली आणि पत्राखाली सही केली, ‘मेरी कीज’. पुढच्या वर्षी तिला सोडलं. आता तिला मुलगा होण्याची भीती उरली नव्हती. १५७८ मध्ये ती गेली आणि आईच्याच कबरीत विसावली.

हर्टफर्ड मात्र जगला आणि दीर्घकाळ जगला. १५९५ मध्ये, छप्पन्न वर्षांचा असताना, त्याने आपलं पहिलं लग्न खरं ठरवून घेण्याची खटपट केली, तर पुन्हा टॉवरमध्ये गेला. १६०३ मध्ये एलिझाबेथ वारली, तेव्हा हेन्रीच्या मृत्युपत्राकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ज्या स्कॉटिश वंशाला त्याने वगळलं होतं, त्यातलाच जेम्स गादीवर आला. ज्या कागदापायी ग्रे बहिणींचं आयुष्य गेलं, तो अखेर रद्दीच ठरला.

आणि तरी जून १६१० मध्ये, ग्रिनिचच्या राजवाड्यात पहाटे चार वाजता, कॅथरिनचा नातू विल्यम सीमोर आणि राजाची चुलत बहीण अरबेला स्टुअर्ट यांनी लपून लग्न केलं. अरबेला ही त्या इप्सविचच्या बेसची नात. या वेळी साक्षीदारांची मोजदाद नीट होती, पाद्र्याचं नावही माहीत होतं. त्यामुळे लग्न नाकारता येईना, म्हणून दोघांनाच कोंडलं. अरबेला पुरुषाचा वेष करून पळाली, कॅलेजवळ समुद्रात पकडली गेली आणि १६१५ मध्ये टॉवरमध्ये वारली. विल्यम मात्र निसटला, पुढे परत आला आणि सॉमरसेटचा ड्यूक म्हणून मेला.

याच विल्यमने आजीचं शव यॉक्सफर्डहून आणवून सॅलिसबरीच्या कॅथीड्रलमध्ये, १६२१ साली वारलेल्या आजोबांशेजारी ठेवलं. मी ते थडगं पाहिलं आहे. उंच, रंगवलेलं, जरा भपकेबाज. लॅटिन लेखात दोघांना पतिपत्नी म्हटलं आहे. हर्टफर्ड चिलखतात उताणा निजला आहे. कॅथरिनची मूर्ती त्याच्या पलीकडे आहे आणि त्याच्याहून वरच्या पायरीवर, कारण ती राजाच्या रक्ताची. मी बराच वेळ तिच्या डाव्या हाताकडे पाहत होते, अंगठी कोरली आहे का ते बघत. खालून दिसत नाही.